एक पूर्णांक सहा दशांश

तर मंडळी, या वीकांताचा विषय आहे एक सरळ रेघ.

नेपाळी रुपया आणि भूतानचं न्गुलट्रम (उच्चार ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर करावा) या दोन चलनांमधल्या दराचा १९९३ पासूनचा आलेख काढला, तर तो असा दिसतो: १.६०, १.६०, १.६०... अशी तीसेक वर्षं. ईसीजी असा आला असता तर डॉक्टरांनी नातेवाईकांना आत बोलावलं असतं. :)

यावर अख्खा लेख कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण गेल्या महिन्यात या रेघेने माझे दोन शनिवार खाल्ले. त्याचं उट्टं तुमच्यावर काढतोय.

मी ज्या टीममध्ये आहे ती चलनांचे जुने-नवे दर साठवणारं आणि मागेल त्याला रूपांतर करून देणारं सॉफ्टवेअर सांभाळते. डॉलर, युरो, येन यांच्याकडे डोळे लावून बसलेले लाखो लोक जगात आहेत, त्यामुळे तिथे फारसं काही बिघडत नाही. आमच्या डोक्याला ताप असतो तो अशा जोड्यांचा, ज्यांची थेट खरेदी-विक्री कुणीच करत नाही. थिंपूत बसून काठमांडूच्या रुपयावर सट्टा लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तरी कुणीतरी कधीतरी ही जोडी विचारतंच.

तसं एक तिकीट आलं. अमेरिकेतून, ओहायो राज्यातून. दोन ओळींचा प्रश्न: १९९१ साली एका न्गुलट्रमला किती नेपाळी रुपये मिळायचे? तुमच्या तक्त्यात १९९९ च्या आधीचं काहीच नाही. सपोर्टच्या मुलीने विचारलं, नक्की कशासाठी हवंय? उत्तर आलं: वडिलांना भूतानात जमिनीचे पैसे न्गुलट्रममध्ये मिळाले होते. पुढे आम्ही नेपाळात राहिलो. ते आता थकलेत, त्यांच्याबरोबर जुना हिशोब लावतोय.

तिकीट माझ्याकडे आलं.

आता आधी एक तांत्रिक भानगड. ज्या दोन चलनांचा बाजारच नाही, त्यांचा दर जालावर दिसतो तो कुठून येतो? उत्तर सोपं आहे: डॉलरमार्गे. एका डॉलरला किती नेपाळी रुपये, एका डॉलरला किती न्गुलट्रम, आणि मग भागाकार. मुंबईहून गोव्याला दुबईमार्गे जाण्यातला प्रकार, पण संगणकाला तिकिटाचा खर्च नसतो.

गंमत पुढे आहे. दोन्ही चलनं डॉलरला बांधलेलीच नाहीत. दोन्ही भारतीय रुपयाला बांधलेली आहेत. एक न्गुलट्रम म्हणजे एक भारतीय रुपया. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये. शाळेतल्या त्रैराशिकाचीही गरज नाही. पण आमचा विदा जिथून येतो तिथे १.६० दिसत नाही. दिसतं १.५९७, १.६०३, कधी १.५९२. आलेख मोठा करून बघितला तर चक्क केसाळ दिसतो.

हे केस कुठून उगवतात? समजा, सकाळी डॉलर ८३.०० रुपयांना होता, त्यावरून नेपाळचा दर निघाला १३२.८०. दिवसभरात डॉलर चढला आणि संध्याकाळी ८३.४० झाला. तक्ता भरणाऱ्या संगणकाने नेपाळचा आकडा सकाळचा उचलला आणि भूतानचा संध्याकाळचा. १३२.८० भागिले ८३.४०, उत्तर १.५९२३. म्हणजे कागदावर नेपाळी रुपया त्या दिवशी न्गुलट्रमपुढे अर्ध्या टक्क्याने वधारला. प्रत्यक्षात काहीच झालेलं नाही. दोन घड्याळांमधला फरक आपण दर म्हणून छापला. ज्या दिवशी रुपया डॉलरपुढे जोरात आपटतो, म्हणजे उदाहरणार्थ ऑगस्ट २०१३ मध्ये, त्या दिवशी हे केस अंमळ जास्तच उभे राहतात.

नेपाळ राष्ट्र बँक रोज दर जाहीर करते, त्यात सगळ्या चलनांचे आकडे बदलत असतात आणि भारतीय रुपयाची ओळ मात्र पुतळ्यासारखी उभी असते: शंभर भारतीय रुपयांना खरेदी १६०.००, विक्री १६०.१५. शंभराला पंधरा पैसे. तेवढीच काय ती हालचाल, आणि तीही रोज तीच.

पण मला हवं होतं १९९१. तेव्हा ही रेघ अजून सरळ झालेली नव्हती.

नेपाळ राष्ट्र बँक १९५६ साली स्थापन झाली. त्या काळात नेपाळात, विशेषतः तराईत, भारतीय रुपया सर्रास चालायचा आणि दोघांमधला दर बाजाराप्रमाणे हलायचा. १९६० च्या एप्रिलमध्ये नेपाळने दर बांधून टाकला: शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी. हो, तोच आजचा आकडा. मधल्या काळात मात्र तो बराच फिरून आला.

पहिला धक्का ६ जून १९६६ चा. भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. नेपाळने आपला दर डॉलरमागे ७.६२ होता तो तसाच ठेवला. भागाकार करा: ७.६२ भागिले ७.५०. एका रात्रीत एका भारतीय रुपयाला १.६० ऐवजी जेमतेम १.०१ नेपाळी रुपये. वरवर बघता नेपाळसाठी अभिमानाची गोष्ट, शेजाऱ्याच्या रुपयाच्या जवळपास बरोबरीला आपला रुपया! पण भारतात नोकरी करून महिन्याला शंभर रुपये घरी पाठवणाऱ्या गोरखा सैनिकाच्या बायकोच्या हातात एकशे साठऐवजी एकशे एक पडायला लागले. नेपाळचा माल भारतात महाग, भारताचा माल नेपाळात स्वस्त. ज्या देशाचा जवळजवळ सगळा व्यापार एकाच शेजाऱ्याशी आहे त्याला असा अभिमान किती महिने परवडणार? दीड वर्ष परवडला. डिसेंबर १९६७ मध्ये नेपाळने डॉलर १०.१२५ केला. त्याला ७.५० ने भागा, बरोबर १.३५ येतात.

भूतानकडे तेव्हा स्वतःच्या नोटा नव्हत्या, तिथे भारतीय रुपयाच चालायचा. न्गुलट्रम आलं १९७४ मध्ये, भारतीय रुपयाशी एकास एक. आणि भारतीय रुपया आजही भूतानात चालतो. म्हणजे आपल्या जोडीचा इतिहास १९७४ पासून सुरू होतो आणि तो सगळा या एवढ्याशा तक्त्यात मावतो:

१९७४ : १.३९
१९७८ : १.४५
१९८५, नोव्हेंबर : १.७०
१९८६ : १.६८
१९९१, जुलै : १.६५
१९९३, फेब्रुवारी : १.६०

झालं. सहा ओळी. आमच्याकडे याच जोडीच्या हजारो नोंदी आहेत, आणि त्यातली नवी माहिती शून्य. प्रोग्रामर लोकांना समजेल असं सांगायचं तर 'अमुक तारखेपासून लागू' एवढा एक रकाना असता तर बाकी सगळा डोलारा उभारायची गरज नव्हती.

या सहा ओळींत १९८५ ची उडी सगळ्यात मोठी. नेपाळची परकीय गंगाजळी आटत चालली होती, म्हणून रुपया स्वस्त केला. आणि १९९१ चा जुलै आपल्यालाही आठवतो. (ज्यांना आठवत नाही त्यांनी आईबाबांना विचारावं, सोनं विमानाने परदेशी गेलं ते साल.) भारताने तीन दिवसांत दोनदा रुपया खाली आणला, डॉलर एकविसाच्या आसपासवरून सव्वीसच्या घरात गेला. नेपाळही पाठोपाठ खाली आला, पण किंचित कमी. म्हणून १.६८ चे १.६५ झाले. १९९३ मध्ये १.६० झाले आणि मग रेघ थिजली.

थिजली म्हणजे किती थिजली? नेपाळात १९९६ ते २००६ दहा वर्षं यादवी चालली: १.६०. जून २००१ मध्ये राजवाड्यात राजा-राणीसकट राजघराणं मारलं गेलं: १.६०. २००८ मध्ये राजेशाहीच गेली: १.६०. २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंप, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सीमेवरून पेट्रोल, गॅस, औषधं यायची बंद झाली (नेपाळ तिला भारताची नाकेबंदी म्हणतं, भारत म्हणत नाही). काठमांडूत सिलिंडरसाठी रांगा, काळ्या बाजारात पेट्रोलला वाटेल तो भाव, आणि राष्ट्र बँकेच्या तक्त्यात १.६०. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुण पोरांच्या आंदोलनाने सरकार पडलं, संसद जळली. हे लिहीपर्यंत तरी १.६० च आहे.

एवढं धरून ठेवायचं कारण काय? तर उघडी सीमा. ज्या सीमेवरून माणसं विनापासपोर्ट सायकलवरून जातात-येतात, तिथे दर सतत हलता ठेवला तर किराणा दुकानदारापासून हमालापर्यंत प्रत्येकाला रोज सट्टेबाज व्हावं लागेल. बांधलेला दर म्हणजे त्या सगळ्यांना दिलेला शब्द. त्याची किंमतही आहे. दर बांधला आणि सीमा उघडी ठेवली की व्याजदर मनासारखा ठरवता येत नाही. भारतापासून फार दूर गेला की पैसा पलीकडे पळतो. महागाईही बरीचशी भारताकडून आयात होते. नेपाळातले अर्थतज्ज्ञ अधूनमधून हा दर सोडायचा का, बदलायचा का, यावर वाद घालतात. मग काही होत नाही.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला असणारे वॉचमनकाका नेपाळच्या पार पश्चिमेकडच्या बझांग जिल्ह्यातले. (आपल्याकडे प्रत्येक नेपाळी माणसाला 'बहादूर' म्हणायची वाईट खोड आहे. त्यांचं नाव बहादूर नाही.) एका रात्री मी त्यांना सहज विचारलं, दर किती चाललाय? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, दर कसला, आयसीचं एनसी करायचं तर दीडपट करून वर दहावा हिस्सा घालायचा. आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी. दहा हजार आयसी म्हणजे सोळा हजार एनसी, हे त्यांना लहानपणी पाढ्यासारखं पाठ झालंय. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये भारतातून नेपाळात बँकेमार्फत पैसे पाठवायची खास योजना सुरू केली, ती ते वापरतात. आधी गावाकडे जाणाऱ्या माणसाच्या कमरेला बांधून पाठवायचे. मी विचारलं, हा दर उद्या दीडवर आणला तर? त्यांनी दोन सेकंदांत सांगितलं, महिन्याला हजार एनसी कमी. धाकट्याची फी. अर्थतज्ज्ञांच्या वादाचा इतका आटोपशीर गोषवारा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आता भूतानच्या बाजूची दोरी. ती तर त्याहून घट्ट, एकास एक. पण २०१२ मध्ये तिला पीळ पडला. भूतानात भारतीय मालाची मागणी इतकी वाढली की देशाकडे द्यायला भारतीय रुपयेच उरेनात. बँकांनी गाड्यांसाठी, घरांसाठी कर्जं देणं थांबवलं, रुपये मोजून मिळायला लागले. दर मात्र एकास एकच. फक्त तो दर कागदावर, आणि सीमेपलीकडे जयगावात न्गुलट्रम पुढे केलं की दुकानदार तोंड वाकडं करायचा किंवा कमी धरायचा. अधिकृत दर आणि हातात पडणारा दर या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे रोज चलन बदलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. फक्त आमच्या तक्त्याला माहीत नसतं.

तेव्हा ओहायोच्या प्रश्नाकडे परत.

भूतानच्या दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या नेपाळी बोलणारे लोक राहत होते, त्यांना ल्होत्साम्पा म्हणतात. १९८५ चा नागरिकत्व कायदा, १९८८ ची जनगणना, १९९० ची निदर्शनं आणि त्यानंतरची दडपशाही, यातून त्यांच्यातल्या हजारोंना देश सोडावा लागला. काहींकडून स्वखुशीने जात असल्याच्या कागदावर सह्या घेतल्या, काहींना जमिनीपोटी थोडेफार पैसे दिले. नेपाळ आणि भूतान यांची सीमा एकमेकांना लागत नाही, मध्ये भारत आहे. त्यामुळे ही माणसं ट्रकांत बसून आसाम-बंगालमधून मेची नदीपर्यंत आली आणि पूल ओलांडून नेपाळात गेली. सुरुवातीला माई नदीच्या वाळवंटात, माईधारला राहिली, तिथे रोगराईने अनेक जण गेले. नंतर झापा आणि मोरंग जिल्ह्यांत छावण्या उभ्या राहिल्या. संख्या एक लाखाच्या वर गेली. छावण्यांत पंधरा-सतरा वर्षं काढल्यावर २००७ च्या अखेरीपासून त्यांना इतर देशांत नेऊन वसवायला सुरुवात झाली, आणि बहुसंख्य अमेरिकेत गेले. ओहायोतलं कोलंबस हे त्यांचं मोठं ठिकाण. (२०२५ मध्ये अमेरिकेने त्यातल्या काहींना हद्दपार करून भूतानला पाठवलं. भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर नेऊन सोडलं, आणि काही जण पुन्हा नेपाळात पोचले. तोच रस्ता.)

म्हणजे ज्या जोडीचा बाजार नाही असं मी वर म्हटलं, तिला १९९१ मध्ये गिऱ्हाईक होतं. एक न्गुलट्रम देऊन नेपाळी रुपया घ्यायची गरज असलेली माणसं खरोखर होती, आणि ती ट्रकच्या मागच्या फळक्यात बसली होती.

मी उत्तर लिहिलं. पैसे जुलै १९९१ च्या आधी बदलले असतील तर शंभर न्गुलट्रमला १६८ नेपाळी, नंतर बदलले असतील तर १६५, आणि फेब्रुवारी १९९३ नंतर १६०. खाली एक ओळ घातली: हे अधिकृत दर आहेत, प्रत्यक्षात आधी न्गुलट्रमचे भारतीय रुपये आणि मग त्याचे नेपाळी, असे दोन ठिकाणी बदलावे लागले असतील, त्यामुळे हातात कमी पडले असण्याची शक्यता आहे.

चार दिवसांनी उत्तर आलं. मुलाने लिहिलं होतं की वडील म्हणतात, एकशे पासष्ट बरोबर आहे, तेव्हा सगळे तोच आकडा सांगत होते. पण आमच्या हातात एकशे पंचावन्न पडले. सीमेवरच्या माणसाला ठाऊक होतं की हे लोक परत फिरून तक्रार करायला यायचे नाहीत.

शंभराला दहा. राष्ट्र बँक भारतीय रुपयाच्या खरेदी-विक्रीत शंभराला पंधरा पैसे ठेवते, हे आठवून बघा. जमिनीचे समजा वीस हजार न्गुलट्रम आले असतील, तर दोन हजार नेपाळी रुपये त्या एका दिवसात गेले. छावणीत पोचायच्या आत.

तिकीट बंद झालं. आमच्या तक्त्यात आता १९७४ पासूनच्या सहा ओळी आहेत आणि या जोडीसाठी डॉलरमार्गे जाणारा भागाकार आम्ही काढून टाकला, त्यामुळे आलेखाचे केसही गेले. एकशे पंचावन्नची नोंद मात्र तक्त्यात करता येत नाही. प्रत्येक दरापुढे स्रोत लिहावा लागतो, तिथे एखादी बँक नाहीतर सरकारी पत्रक लागतं, आणि माझ्याकडे स्रोत म्हणून एका थकलेल्या माणसाची आठवण आहे.

म्हणून ती इथे लिहून ठेवतोय. १९९१, जुलैनंतर कधीतरी, सीमेवर, शंभर न्गुलट्रमला एकशे पंचावन्न.